वाळवंटातला बेलभंडारा

उदयपूर, ११ मे १९८७

चि. सौ. सुभद्रा हीस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. धाकट्या जावेला आशीर्वाद न देता पत्र सुरू केलं तर ते विजेच्या बिलासारखं दिसतं.

तीन वर्षं आपण बोललो नाही. एकाच बोळात राहून न बोलणं हे फार कष्टाचं काम आहे. तुझ्या दारावरून जाताना मी छत्री उघडते, आकाशात ढगाचं पिल्लू नसलं तरी. तुलाही हे माहीत आहे. आता इतक्या लांबून लिहिते आहे, कारण इथे बोलण्याजोगं माणूस नाही आणि मला काही गोष्टी कळेनाशा झाल्या आहेत. न कळलेलं सांगायला आजवर तूच बरी पडलीस. ही स्तुती नव्हे.

मागचं मी विसरलेले नाही. दूध संस्थेच्या निवडणुकीत मारुतीपुढच्या सभेत तू माईकवरून म्हणालीस, "आक्कांना इचारा, म्हशीच्या कोन्त्या अंगाला बसून धार काढत्यात." सगळी बोरखिंड हसली. सुभद्रा, मी आयुष्यात विमानही चालवलेलं नाही, तरी वारा कुठून येतो हे मला कळतं. हैदराबादच्या नन्सनी मला बरंच शिकवलं, त्यात धार काढणं नव्हतं. मीही पुढे मुलींना शिकवलं, आणि तुला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली तीही मीच. म्हणून हे पत्र स्वतः वाच, भावजींकडून वाचून घेऊ नकोस.

तर सहल. संस्थेचा हा 'अभ्यास दौरा' आहे. राजस्थानात लोक कमी पाण्यावर कसे जगतात ते बघायचं. भगवानराव स्वतः माझ्या ओट्यावर येऊन बसला. "बाई, तुमच्यासारखं शिकल्यालं मानूस आमच्यात न्हाई. तुमी बघून या, मग मत द्या." आदल्याच संध्याकाळी मी त्याला सांगितलं होतं की २७ तारखेला चेअरमन निवडायचा आहे, तर मी त्याचं आणि तुझं, दोघा उमेदवारांचं सभेत ऐकून घेईन आणि मग हात वर करीन. पाच संचालक तुझे, पाच त्याचे, अकरावी मी. माझं म्हणणं त्याला इतकं पटलं की सकाळी सहल घेऊन हजर! इतक्या लवकर माझं म्हणणं पटलेला हा पहिलाच पुरुष.

जो चेअरमन होईल त्याच्या हाती संस्थेच्या विहिरीच्या मोटारीची किल्ली जाते. लिंबागणेशच्या इकडे पाणी धरून राहिलेली आता ती एकच विहीर. तू म्हणतेस, पाणी दुष्काळी छावणीतल्या जनावरांना. तो म्हणतो, 'पाण्याचं योग्य नियोजन'. म्हणजे काय, ते त्याने अजून सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने मला खिडकीतून राजवाडा दाखवला.

आम्ही सहा संचालक एका मॅटाडोरमध्ये आहोत. मला पुढची खिडकी दिली आहे. मागे भगवानराव, विमलबाई, आसाराम आणि ते दोघे, जे घरून निघाल्यापासून पत्ते खेळतात आणि मध्येच मान वर करून विचारतात, "कोन्तं गाव?" गाईड भंवरलाल नावाचा आहे. प्रत्येक वाक्याला 'हुकम' म्हणतो आणि प्रत्येक भिंतीवरून एका राजाला घोड्यासकट उडी मारायला लावतो. दूध, चारा, पाणी यांतलं इथे अजून काहीही दाखवलेलं नाही. तलावातला महाल दाखवला. तलाव निम्मा आटला आहे.

आणखी एक. भगवानराव उशाशी एक कापडी पिशवी घेऊन झोपतो. मला वाटलं, औषधं. विमलबाई म्हणाली, परळीच्या वैजनाथाचा बेल आणि हळदीचा भंडारा आहे. बेल वाळून चुरा झाला आहे. राजस्थानात हळद मिळत नाही अशी त्याची समजूत असावी.

कार्यक्रम लिहून देते, म्हणजे मी वाटेत मेले तर कुठे शोधायचं ते तुम्हाला कळेल. इथून अबूचा डोंगर, मग जोधपूर, १८ ते २१ जैसलमेर, किल्ल्याच्या दरवाज्याशेजारची धर्मशाळा. २५ला घरी.

उत्तराची अपेक्षा नाही.

चंद्रप्रभा


माउंट अबू, १४ मे

चि. सौ. सुभद्रा,

इथे थंड हवा आहे, झाडी आहे, तलावाला पाणी आहे. आपला बालाघाट देवाने घाईत केला असावा. हा डोंगर त्याने बसून केलेला दिसतो. पण तो डोळे भरून पाहावा इतकं मन ठिकाणावर नाही.

उदयपूरला शेवटच्या दिवशी बाजारात परळीचं एक कुटुंब भेटलं. सरकी-पेंडीचे व्यापारी. त्यांची सून माझी विद्यार्थिनी निघाली. "अय्या, बाई तुम्ही?" म्हणून भर रस्त्यात पाया पडली. मला बरं वाटलं. मागे वळून म्हटलं, भगवानराव, ही बघा आपल्या जिल्ह्याची माणसं! तर भगवानराव नाही. समोरच्या फेट्यांच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून उभा, डोक्यावर नवरदेवाचा लाल फेटा. दुकानदार आरसा धरून थकला, हा गडी वळेना. ती माणसं गेल्यावर घाम पुसत बाहेर आला.

"फेटा बघत होतो बाई."

"कुणाचं लग्न आहे?"

"तुमी लई इचारता."

त्यांचा मुक्काम कुठे आहे, गावी परत कधी जाणार, माझ्याशी काय बोलले, सगळं मात्र त्याने मला खोदून खोदून विचारलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, चहासुद्धा न घेता मॅटाडोर सुटली. भंवरलालला उठवून गाडीत कोंबलं. बिचाऱ्याचा एक बूट धर्मशाळेतच राहिला. अबूचा घाट लागला. मग आसारामच म्हणाला, "मालक, कावून पळायलोत आपुन?"

"पळायलोत कुठं बे? सहल हाय ही."

"सहलीत चहा असतो," आसाराम म्हणाला. तो फार दुःखी आहे. त्याची म्हैस छावणीत आहे आणि व्यायला झाली आहे. तलावात सगळ्यांनी पायडलची होडी घेतली, तेव्हाही हा काठावर बसून एका परक्या माणसाला म्हशीचं वर्णन सांगत होता. त्या माणसाला मराठी येत नव्हतं.

मी म्हटलं, गावाला ट्रंक कॉल लावते, आसारामच्या म्हशीचं विचारते, छावणीत पाणी पोचतंय का तेही विचारते. भगवानराव म्हणाला, "लाइन बंद हाय बाई. लिंबागणेशापोतर तार तुटलीय." सुभद्रा, हा माणूस अबूच्या डोंगरावर भजी खात होता. लिंबागणेशची तार तुटलेली याला इथून कशी दिसली? मी तसं विचारलं. तो हसला आणि माझ्या पुढ्यात भज्यांची बशी सरकवली.

भज्यांनी माझं तोंड बंद होतं असा याचा समज कुणी करून दिला? तू तर नाहीस?

मला उगाच वाटत नाहीये. शाळेत अशी शांतता मी ओळखायची. वर्ग एकदम गुणी झाला की समजायचं, टेबलाच्या खणात बेडूक आहे. इथे सगळे माझ्याशी गुणी आहेत. खिडकी मला, पहिला चहा मला, पाय चेपायला विमलबाई तयार. बेडूक कुठे आहे ते मात्र सापडत नाही.

सहलीचा खर्च मी माझा देते म्हटलं तर पावती फाडायला कुणी तयार नाही. "पावुन्यांकडून पैशे घेत्यात व्हय?" मी पाहुणी कधीपासून झाले? संचालक आहे ना मी?

हे पत्रही मीच जाऊन पेटीत टाकते आहे. पत्र बघून भगवानराव म्हणाला, "लिवा लिवा. मास्तरणीचा हात सळसळतोच." नातवंडांना लिहिते असं त्याला वाटतं. मी खुलासा केला नाही. आपण बोलत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. उगाच त्यांचं करमणुकीचं साधन कशाला घालवा.

चंद्रप्रभा


जैसलमेर, १९ मे

चि. सौ. सुभद्रा,

मे महिन्यात वाळवंटात सहल काढणाऱ्या माणसाला आपल्या गावातली माणसं चेअरमन करायला निघाली आहेत, हे लक्षात ठेव. किल्ला पिवळा, घरं पिवळी, रस्ता पिवळा, आणि आता आम्हीही. दुपारी बादलीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. धर्मशाळेचा रखवालदार म्हणाला, या दिवसांत इथे दोनच तऱ्हेचे लोक येतात, फौजी आणि भागे हुए. मी त्याला उद्धटपणाबद्दल झापलं. नंतर विचार करत बसले की त्याने आमच्याकडे बघून नेमकं काय ओळखलं.

काल येताना मॅटाडोर तापून बंद पडली. रस्त्याला एक गाव होतं, दहा-बारा घरांचं, आणि एक विहीर. उंटाने पाणी ओढत होते. पाणी पडत होतं लांबड्या हौदात, आणि हौदावर गाई, शेरडं, एक आंधळं गाढव. बायका घागरी घेऊन बाजूला उभ्या. त्यांच्याकडेही सलग दुष्काळ आहे, गाईंच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. भगवानराव डबा घेऊन थेट हौदाकडे गेला, रेडिएटरसाठी. एका म्हातारीने काठीने त्याचा डबा असा उडवला की तो गाढवाच्या पायाशी जाऊन पडला. मग ती जे बोलली त्यावर बायका हसल्या. भंवरलालला विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, "पहले बेज़ुबान, हुकम. फिर औरतें. मोटर सबसे बाद में." भगवानराव संस्थेच्या आवारात असा कधी उभा राहिलेला मी पाहिला नव्हता, डबा हातात घेऊन, शेळ्यांच्या मागे. त्या क्षणापुरती सहल वसूल झाली.

संध्याकाळी किल्ल्याखालच्या एका लहानशा महादेवाला गेलो. भगवानरावने ती पिशवी उघडली. पिंडीपुढे बेलाचा चुरा आणि भंडारा मांडला आणि म्हणाला, "पावसासाठी साकडं घालू. येकेकानं उचला." माझा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण पावसासाठी मी चर्चमध्येही गुडघे टेकले आहेत आणि दर्ग्यातही ओढणी घेतली आहे. पावसाला धर्म विचारायचे दिवस हे नव्हेत.

एकेकाने चिमूट उचलली. काय पुटपुटत होते ते ऐकू येईना. माझी पाळी आल्यावर मी विचारलं, "काय म्हणायचं?"

"म्हना, जे ठरलंय ते पाळीन."

"काय ठरलंय?"

"बाई, देवापुढं कावून शाळा घेता? गावच्या भल्याचंच ठरलंय. जनावरांच्या भल्याचं."

आमच्या हैदराबादच्या मदर बर्नाडेट म्हणायच्या, पुटपुटलेली प्रार्थना छतापर्यंतसुद्धा जात नाही. मी बेलभंडारा उचलला आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "आमच्या संस्थेच्या विहिरीचं पाणी आधी दावणीच्या जनावरांना मिळेल, त्यासाठीच मी हात वर करीन." ती म्हातारी डोक्यात होती ना. पुजारीसुद्धा घंटा वाजवायचा थांबला.

भगवानराव म्हणाला, "तसंच बाई, तसंच. उचलला न्हवं? झालं." आणि असा मोकळा झाला, जणू त्याच्या मुलीचं लग्न पार पडलं. सगळ्यांना लस्सी पाजली. मला दोन ग्लास.

पावसाचं साकडं घातल्यावर माणूस इतका निर्धास्त होतो? पाऊस पडला तर नाहीच. मला कळत नाही. विमलबाईने लस्सीला हात लावला नाही. विचारलं तर म्हणाली, पोट ठीक नाही. माझ्याकडे बघत नव्हती.

चंद्रप्रभा


जैसलमेर, २० मे

सुभद्रा,

तुझी तार मिळाली.

कशी मिळाली ते ऐक. सकाळी आम्ही चहाला बसलो होतो. तारवाला आला, नाव माझं सांगितलं, आणि माझा चष्मा खोलीत. भंवरलाल पुढे झाला. "लाइए हुकम, मैं पढ़ देता हूँ." आणि त्या शहाण्याने, ज्या आवाजात तो राजांना बुरुजावरून उडवतो त्याच आवाजात, सगळ्यांसमोर वाचलं: आक्का भंडारा उचलू नका. विहीर भगवानरावच्या मेहुण्याच्या टँकरला देणार. सौदा झाला. सुभद्रा.

मराठी असूनही त्याने एक अक्षर चुकवलं नाही. माणूस नेमका नको तेव्हा अचूक होतो.

पत्तेवाल्यांचे पत्ते हातात राहिले. आसाराम म्हणाला, "मेहुन्याच्या? मग छावणीला काय?" भगवानरावने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. मग माझ्याकडे वळून हसला. हसू कालच्यासारखंच होतं, फक्त आता मला ते वाचता आलं.

"सुभद्राबाईचं राजकारन हाय बाई हे. आन् समजा खरं असलं, तरी आता काय उपेग? तार येक दिस उशिरा आली. भंडारा उचललाय तुमी. वैजनाथाचा हाय. शब्द गेला."

म्हणजे बेडूक सापडला. सहल नव्हतीच. माझ्याशी तुझ्याकडचं कुणी बोलू नये म्हणून मला घोड्या-उंटांच्या देशात आणून बांधली होती. लाइन तुटलेली नव्हती. फेटा बघितलेला नव्हता. २५ला घरी पोचायचं नव्हतंच, २७ला आम्हाला थेट सभेच्या दारात उतरवायचं आणि हात वर करायला लावायचं ठरलं होतं. आणि मी, पाच भाषांत वाचू शकणारी बाई, पुढच्या खिडकीत बसून डोंगर बघत होते.

मी दिवसभर खोलीत बसून आहे. माझी स्थिती मला सांगता येत नाही. मदर बर्नाडेट म्हणाल्या असत्या, फसवून घेतलेलं वचन हे वचनच नव्हे. आपल्या गावात कुणी असं म्हणेल का? सटवाने एकदा बेलभंडारा उचलून शब्द फिरवला, तर त्याचा बैल मेला तेव्हा लोक काय म्हणाले ते तू ऐकलं आहेस. आजही त्याच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. मी बेलाला भीत नाही. पण उचलून फिरलेल्या बाईचं पुढे कोण ऐकेल? मी तुझ्या बाजूने हात वर केला तर तुझा विजयसुद्धा बाटलेला म्हणतील. आणि त्याच्या बाजूने केला तर ती जनावरं. आसारामची म्हैस. तुझ्या दोन.

हे सगळं मी विमलबाईला बोलून दाखवलं. ती दाराशी बसली होती, बहुतेक राखणीला. तिने दार आतून लोटलं. मग म्हणाली, "बाई, येक इचारू? तुमी देवापुढं काय म्हणल्या व्हत्या?"

"तू तिथेच होतीस ना."

"व्हते. म्हून तर इचारायले. आमी समद्यांनी जे ठरलंय ते म्हणलं. आसारामनं तर निस्ते ओठ हलवले. तुमी लई मोठ्यानं म्हणल्या. पानी जनावरांना. त्यासाठीच हात वर करीन. पुजाऱ्यानं ऐकलं, म्या ऐकलं, मालकानं ऐकलं. 'तसंच बाई' म्हणला की त्यो."

सुभद्रा, पस्तीस वर्षं मुलींना सांगत आले, स्वतःचं उत्तर एकदा वाचून बघा. स्वतःचं वाचायचं राहूनच गेलं होतं. मी भगवानरावला शब्द दिलेलाच नाही. मी दिलाय तो जनावरांना.

मी उठलेच. म्हटलं, आत्ता जाऊन त्या माणसाच्या तोंडावर सांगते. विमलबाईने माझा हात धरला, आणि जोरात धरला.

"गप ऱ्हावा. आत्ता बोलल्या तर तुमाला इथंच सोडंल त्यो. आजारी हाय म्हणंल. सत्तावीसला पाच-पाच झाले की चिठ्ठ्या टाकत्यात, आन् चिठ्ठ्या लिव्हनार त्याचा भाचा. घरला जायचंय न्हवं? मग मान खाली घालून बसा."

"आणि तू?"

"माजं पोरगं त्याच्याच टँकरवर हाय बाई. माजा हात त्याच्याकडंच जाईल. तुमचा मोकळा हाय."

हे पत्र तीच नेते आहे, बांगड्या घ्यायच्या निमित्ताने. तारेनंतर भगवानरावला माझ्या पत्रांची फार काळजी वाटायला लागली आहे. "उन्हात कशाला जाता बाई, माझ्याकडं द्या, मी टाकतो." यापुढे त्याच्याकडेच देणार आहे. त्यातलं काही मनावर घेऊ नकोस.

चंद्रप्रभा


जोधपूर, २३ मे

माझी लाडकी सुभद्रा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी तार वाचून मनाला यातना झाल्या. भगवानरावांसारख्या देवमाणसाबद्दल तू असं लिहावंस? त्यांनी आम्हाला किल्ले दाखवले, महाल दाखवले, वाळूचे डोंगर दाखवले, रोज ताक पाजलं. मी वैजनाथाचा भंडारा उचलला आहे. उचलल्या शब्दाला मी जागणार, हे तू आणि तुझ्या माणसांनी लक्षात ठेवावं. माझी प्रकृती उत्तम आहे, मला वाटेत कुठेही सोडण्याची आवश्यकता नाही.

इथला किल्ला फार उंच आहे. येथूनही एका राजाने घोड्यासकट उडी घेतली होती. आम्ही वेळेवर घरी येऊ.

तुझी प्रेमळ जाऊ,
चंद्रप्रभा


नगर, २६ मे

सुभद्रा,

जोधपूरचं मिळालं असेल तर 'लाडकी' वाचून तुला घेरी आली असेल. मलाही लिहिताना आली. पण त्या पत्रातलं एक वाक्य पूर्ण खरं आहे, आणि भगवानरावने ते वाचून दोनदा मान डोलावली. पाकीट उघडं होतं, मीच उघडं ठेवलं होतं.

सहा दिवस मी गप्प आहे. तू हसशील. हस. वाळवंटात जे झालं नाही ते या सहा दिवसांत झालं, माझा घसा कोरडा पडला. जयपूरला भंवरलालने आमचा निरोप घेताना सांगितलं की या महालात राजा आणि राणी एका पतंगावर बसून उडाले होते. मी म्हटलं, "असेल." त्याने माझ्याकडे घाबरून बघितलं आणि विचारलं, "हुकम, तबीयत ठीक है ना?"

भगवानराव खूष आहे. येताना नव्या चेअरमनच्या सत्कारासाठी त्याने तसलाच लाल फेटा विकत घेतला. आसारामला इथे नगरला घराकडून निरोप मिळाला, म्हैस व्याली, रेडी झाली, पण दूध उतरत नाही, पाणी पुरत नाही. ते ऐकल्यापासून आसारामने चहाही घेतलेला नाही. त्याच्या हाताचं काय होईल मला माहीत नाही. तो ओठ हलवून काय म्हणाला होता हे त्यालाही आठवत नाही म्हणतो. मी त्याला म्हटलं, मग अजून काहीच म्हटलेलं नाहीस.

उद्या अकराला सभा. आम्हाला इथून थेट तिथे नेणार, घरी उतरू देणार नाहीत. मी मॅटाडोरमधून उतरेन ती पुढच्या जागेवरून, भगवानराव दार धरून उभा असेल, आणि तू फाटकाशी उभी राहून ते तोंड करशील. ते मला माहीत असलेलं तोंड, ओठ डावीकडे. हे पत्र बीडला पोहोचेल तोवर सभा होऊन गेलेली असेल आणि तुझं ते तोंड करून झालेलं असेल. परत घे.

आज दिवसभर मला एकच भीती वाटते आहे. भगवानरावची नव्हे. उद्या हात वर करण्याआधी मी तेच शब्द पुन्हा मोठ्याने म्हणणार आहे, जसे महादेवापुढे म्हटले तसेच, म्हणजे उचलून फिरली असं कुणाला म्हणता येऊ नये. विमलबाई साक्ष देईल का? तिने दिली नाही तरी मी तिला दोष देणार नाही. भीती ही की इतके दिवस गप्प राहिल्यावर ऐन वेळी आवाज फुटला नाही तर? हसू नकोस. आता मात्र हसू नकोस.

आणि तुला मत दिलं अशा समजात राहू नकोस. मी जे बोलले त्याला मत देते आहे. तू त्या बाजूला उभी आहेस, तो तुझा योग. किल्ली कमरेला लागली आणि तू विहिरीतलं एक घागरभर पाणी जरी दुसरीकडे वळवलंस, तर पुढची निवडणूक आहेच. माईक मलाही धरता येतो.

सभा संपली की मी घरी जाणार नाही, तुझ्या गोठ्यात येणार आहे. छत्री न उघडता. कोणत्या अंगाला बसायचं ते सांग. आणि म्हशीला आधी कल्पना देऊन ठेव, की बसणारी नवीन आहे आणि उलट बोललेलं ऐकून घेत नाही.

चंद्रप्रभा